गारखेड्याच्या शाळेतला गूळ

"मॅडम, आकडा वाढलाय."

डॉ. इंद्रजीत मगरे फोनवर एवढंच बोलले. निशा खरात सरकारी प्रयोगशाळेत केमिस्ट होती. पाण्याच्या बाटल्या आणि मातीच्या पुड्या तपासण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. कोणाचा आकडा, हे तिला विचारावं लागलं नाही. प्रांजलीचा. वय आठ, गारखेड्यातल्या एका शाळेत तिसरीला. रक्तात शिसं.

लहान लेकराच्या रक्तात शिशाचा आकडा पाचच्या आत हवा. तेरा दिवसांपूर्वी झटके आले म्हणून प्रांजलीला सरकारी दवाखान्यात आणलं, तेव्हा तो अडुसष्ट होता. इंजेक्शनं देऊन देऊन डॉक्टरांनी तो एकेचाळीसवर आणला. आज सकाळी चौऱ्याहत्तर.

निशानं विचारलं, औषध थांबलं की हाडातलं शिसं परत रक्तात उतरतं, तसं तर नसेल? डॉक्टर म्हणाले, तसा आकडा चढतो, पण थोडा. पहिल्या आकड्याच्या वर नाही जात.

"मी एकीकडून काढतोय आणि कुणीतरी दुसरीकडून घालतंय," ते म्हणाले. "कुठून येतंय ते शोधा. पुन्हा तसे झटके आले तर पोरगी जाईल. राहिली, तरी आज आहे तशी राहणार नाही."

निशाच्या डोक्याचा भुगा झाला. कारण शोधायचं म्हणजे काय, तर तिचं ते दोनदा शोधून झालं होतं.

शाळेतली सहा लेकरं आजारी होती. प्रांजली सगळ्यांत जास्त. बाकीच्यांना पोटदुखी, चक्कर, अशक्तपणा. तिसरी, चौथी, पाचवी, तिन्ही वर्गांतली. पाच मुली आणि विश्वजीत नावाचा पाचवीतला एक मुलगा, चित्रकलेत पहिला येणारा. निशानं शाळेची टाकी तपासली, टँकरचं पाणी तपासलं, भिंतींचा रंग खरवडून नेला, खिडक्यांचे गज, खिचडीचा तांदूळ, डाळ, हळद, मैदानाची माती. सगळं स्वच्छ. इतकं स्वच्छ, की माणसाला राग यावा.

सरकारी माणूस शाळेत येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय थाट असतो ते काय सांगायचं! ही शाळा तर सुंदर शाळेचं बक्षीस मिळवलेली. दोन्ही वेळी फाटकापासून ऑफिसपर्यंत रांगोळी, दारात मोर, सुस्वागतम्, हातात गुलाबाचं फूल. मुख्याध्यापिका शीला मॅडम स्वतः पुढं. चहा, बिस्किटं, सगळं वेळेवर. नव्हतं ते फक्त पाणी. शहराला नळ नवव्या दिवशी, म्हणून शीला मॅडमनी हात धुवायच्या नळाला कुलूप लावलेलं. पोरं हात चड्डीला पुसून खिचडीला बसत होती. निशानं हे टिपून घेतलं, पोरींच्या रांगोळीवर पाय पडू नये म्हणून दोन्ही वेळा भिंतीकडेनं चालली, आणि नमुन्यांची पेटी घेऊन परत आली.

पण आता एक गोष्ट बदलली होती. प्रांजली तेरा दिवस शाळेत नव्हती. पाणी दवाखान्याचं, जेवण दवाखान्याचं, भिंती दवाखान्याच्या. तरी आकडा चढला. म्हणजे विष इमारतीतून येत नव्हतं. ते चालत येत होतं, माणसाच्या पायानं.

निशा वॉर्डात पोचली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. प्रांजली झोपलेली. हात काटक्यांसारखे. उशाला आजी गोजरबाई बसलेली, खाटेखाली पिशवी, त्यात पोरीचे फ्रॉक, कंगवा, खेळायचं सामान, जेवणाचं ताट.

निशानं विचारलं, पोरीकडं कोण कोण येतं? गोजरबाईनं सांगितलं, तिघंच. ती स्वतः, नवरा कडुबा आणि मुलगा बिरू, म्हणजे पोरीचा बाप. सून तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. कडुबा त्याच शाळेत शिपाई, शाळा सुटली की येतो. बिरू वाळूजला पाइपाच्या कंपनीत ठेकेदाराकडं. शिफ्ट सुटली की कंपनीतच अंघोळ करून बसनं थेट इथं. अंघोळ केल्याबिगर सोडतच नाहीत म्हणे तिथं.

उशाशी एका वाटीत गुळाचे खडे होते.

"हे काय, मावशी?"

"बिरू आणतो. रोज चार खडे खायला लावतो बाई तिला. नको म्हणली तरी सोडत नाय."

निशानं त्यातला एक खडा पुडीत बांधला. तेवढ्यात बिरूच आला. तिशीचा, उंच, गालफडं बसलेली. निशानं कोण ते सांगितलं, आणि पोरीच्या रक्तातलं शिसं वाढलंय म्हणून सांगितलं. बिरूनं पोरीकडं बघितलं.

"किती झालंय?" त्यानं विचारलं.

"चौऱ्याहत्तर."

भिंतीला हात टेकून तो खाली बसला. निशाला त्याची दया आली, आणि त्या दयेपायी ती तिथंच चुकली. दुसऱ्या कुणाही बापानं शिसं म्हणजे काय, बरी होईल का, असं विचारलं असतं. याला आकडा हवा होता, आणि आकडा कळल्यावर त्याचा अर्थही कुणी सांगावा लागला नाही. हे तिच्या लक्षात आलं, पण दुसऱ्या दिवशी.

त्या दिवशी तिच्या डोक्यात गूळच होता. दवाखान्यातून ती तडक शाळेत गेली. शाळा सुटत होती. फाटकाशी कडुबा स्टुलावर बसलेला. साठीचा, अजिंठ्याकडचा, तरुणपणी मेंढरांमागं हिंडलेला आणि गेली वीस वर्षं या फाटकाशी. त्याच्या कपाटात घंटेचा हातोडा, हजेरीची वही, आणि कागदात गुंडाळलेली गुळाची अर्धी भेली. शाळेत गूळ, दवाखान्यात गूळ. म्हाताऱ्यानं भेली मुकाट्यानं देऊन टाकली. कशासाठी नेता, हेही विचारलं नाही.

रात्री उशिरा मशीननं निकाल दिला. दोन्ही गूळ स्वच्छ. कोल्हापूरच्या जाहिरातीत दाखवावा असा गूळ.

निशा हताश झाली, घरी जाऊन जेवलीसुद्धा नाही. मोठ्या आशेनं हात घातला होता आणि हाती धुपाटणं. पण सकाळी चहा गाळता गाळता तिला वाटलं, आपण प्रश्नच उलटा विचारला. गुळात काय आहे, हे विचारलं. गूळ कशासाठी आहे, हे नाही.

आठ वाजता ती फाटकाशी हजर होती.

"मामा, शाळेत गूळ कुणाला देता?"

"रांगोळीवाल्या पोरींना."

"सगळ्या मुलांना नाही?"

"नाय. सगळ्यांना कुठून पुरंल? परिपाठाच्या आधी रांगोळी काढून झाली, की एकेक खडा द्यायचा. बिरूनं सांगून ठेवलंय, आबा, चुकायचं नाय म्हणून."

"रोज रांगोळी कोण काढतं?"

कडुबानं बोटांवर मोजत नावं सांगितली. पाच. पाचही पोरी निशाच्या यादीतल्या.

"आणि विश्वजीत? तो तर मुलगा."

"मोर त्योच काढतो ना, मॅडम. पोरींना नाय जमत तसा मोर. त्यालाबी देतो खडा."

सहा झाले.

निशा दारातल्या मोराजवळ उकिडवी बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्या रांगोळीला हात लावला. शिरगोळ्याच्या दगडाची रांगोळी बोटांत खरखरते, हे घराघरातल्या बाईला माहीत आहे. ही खरखरत नव्हती. पावडरीसारखी सरकत होती, दुधासारखी पांढरी होती आणि चिमटीत जड लागत होती. शीला मॅडमनी कौतुकानं सांगितलं, फार छान रांगोळी आहे, रेघ कशी तुटत नाही बघा, दिवाळीनंतर एका पालकानं चार गोण्या दिल्या, परिपाठात त्यांचं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या आम्ही. कोणत्या पालकानं? प्रांजलीच्या वडिलांनी.

प्रयोगशाळेत निशानं चिमूटभर भुकटी अ‍ॅसिडमध्ये विरघळवली आणि वर दुसऱ्या बाटलीतले दोन थेंब टाकले. परीक्षानळी हळदीसारखी पिवळी झाली. शिसं. भुकटीत अर्ध्याहून जास्त शिसंच.

तिनं डॉक्टरांना फोन लावला. खाटेखालची पिशवी काढा म्हणाली, आत्ताच्या आत्ता, खेळायचं सामान बघा. दोन मिनिटं फोनवर नुसते वॉर्डाचे आवाज येत राहिले. मग डॉक्टर म्हणाले, डब्यात पांढरी भुकटी आहे, पावशेरभर. ताटाच्या तळालाही लागलीय. आजी म्हणते, पोरगी कंटाळली की ताटात रांगोळी काढत बसते, रेघ बारीक यावी म्हणून बोट जिभेला लावते.

"मॅडम," डॉक्टर पुढं म्हणाले, "तिला पहाटे झटके आले. पाऊण तास थांबत नव्हते."

त्या पाऊण तासाचा हिशोब निशा पुढं जन्मभर स्वतःकडं मागणार होती. काल दुपारी ती पिशवी तिच्या पायाशी होती. तिनं गूळ उचलला होता.

दुपारी तीनला शाळेच्या ऑफिसात पाच माणसं बसली होती. निशा, शीला मॅडम, कडुबा, पोलीस ठाण्यातून आलेले जमादार पुंजाराम, आणि कंपनीच्या दारातून बोलावून आणलेला बिरू. शाळा सोडून दिली होती. टेबलावर एक रिकामी गोणी. तिच्यावरचा छापील भाग कात्रीनं कापून काढलेला.

निशा बोलायला लागली. आवाज चढवला नाही.

"मी दोनदा सगळी शाळा तपासली. तपासली नाही ती फक्त माझ्या स्वागतासाठी काढलेली रांगोळी. पाणी सगळी शाळा पिते, खिचडी सगळी शाळा खाते, मग आजारी सहाच कशी? तीन वर्गांतल्या या सहा जणांमध्ये एकच गोष्ट सारखी होती. रोज सकाळी तासभर त्यांच्या हातात ही भुकटी असायची. मग परिपाठ, मग खिचडी. नळाला कुलूप. हातावर असायचं ते पोटात जायचं."

शीला मॅडमनी मान खाली घातली.

"ही भुकटी प्लॅस्टिकच्या पाइपात घालायची. पाइप उन्हात टिकावा म्हणून शिसं असतं तिच्यात. आता नवे नियम आले, कंपन्यांना ती बंद करावी लागली. उरलेल्या गोण्या नियमानं ठरलेल्या ठिकाणी नेऊन द्यायच्या असतात. कुणीतरी त्या तशा दिल्या नाहीत. इथवर वाटलं, आणणाऱ्याला बिचाऱ्याला माहीतच नसेल. पण मग गूळ कशाला?"

तिनं टेबलावरची गोणी बाजूला सरकवली.

"धुळीत काम करणाऱ्यांना शिफ्ट सुटताना गूळ देतात. गुळानं पोटातली धूळ निघून जाते, अशी समजूत आहे. मामा, तुम्हाला ती माहीत नव्हती. तुम्हाला वाटलं, मुलगा कौतुकानं खाऊ देतोय. पण ज्यानं रांगोळी काढणाऱ्यांनाच, रांगोळी झाल्यावरच आणि न चुकता गूळ द्यायला सांगितलं, त्याला भुकटीत काय आहे ते ठाऊक होतं. आणि शिशाच्या कामावरच्या माणसाचंच रक्त वेळोवेळी तपासतात. म्हणून त्यानं काल मला आजार विचारला नाही, आकडा विचारला."

ती बिरूकडं वळली.

"तुझा स्वतःचा आकडा किती आहे, बिरू?"

"बावन्न," बिरू म्हणाला. "म्हणून तर मिक्सिंगवरून काढून पॅकिंगला टाकलं."

"म्हणजे हे विष आहे, तुला माहीत होतं."

"व्हय. पण गूळ खाल्ला की निघून जातं ना, मॅडम. आठ वर्षं खातोय मी."

"बावन्न आकडा आहे तुझा. तरी तुला वाटलं, गूळ काम करतो?"

"नायतर मेलो असतो ना एव्हाना."

निशानं अठरा वर्षांत रिपोर्टांत जे जे लिहिलं होतं, त्यातलं एक अक्षर या माणसापर्यंत पोचलं नव्हतं. पोचला होता तो गूळ.

बिरू आपणहून सांगत गेला. ठेकेदाराच्या मुकादमानं चौदा गोण्या गायब करायला सांगितल्या. त्याच दिवसांत प्रांजली घरी येऊन म्हणाली, शाळेतली रांगोळी संपलीय, मॅडम पालकांना विचारतायत. पोरीला आई नाही, अंगावर धड दागिना नाही, पण रांगोळीत तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. तिच्या बापानं काहीतरी दिलं, असं तिच्या मैत्रिणींना एकदा दिसावं, एवढंच त्याच्या मनात होतं. दवाखान्यात ती रडायला लागली, सव्वीस जानेवारीची रांगोळी माझ्याबिगर काढतील म्हणून. तेव्हा घरातल्या गोणीतली डबाभर नेऊन दिली. आणि गूळ दुप्पट केला.

"तेरा दिवस मी तिला गूळ चारला," तो म्हणाला. "तेरा दिवस, मॅडम. एकबी दिवस चुकलो नाय."

पुंजाराम जमादारांनी बाकीच्या गोण्यांचं विचारलं. चार इथं. एक घरी. दोन गावाकडच्या शाळेत, अजिंठ्याजवळ. तिथल्या गुरुजींनी मागून घेतल्या. सात मुकादमानं कुठं नेल्या, कोण जाणे. निशानं तिथल्या तिथं गावच्या शाळेला फोन लावला. गुरुजी खुशीत होते. फार छान रांगोळी आहे म्हणाले, तुमच्याकडं अजून मिळेल का? निशानं त्यांना समजावून सांगितलं, वापरलेली किती आणि कधीपासून ते विचारलं.

कंपनीचं नाव मात्र बिरू सांगेना. त्याच्यासारखे अकरा जण ठेक्यावर होते, नाव घेतलं की अकराही घरी बसणार. पुंजाराम म्हणाले, बाबा, तू नाव घेतलंस तरी काय होणार? गोणीवरचं लेबल कापलेलं, पावती नाही, गेटपास नाही, कंपनीच्या हजेरीत तुझंच नाव नाही. ठेकेदार म्हणेल, हा कोण बिरू? ते खरं बोलत होते आणि सगळ्यांना ते कळत होतं.

शीला मॅडमनी हळू आवाजात विचारलं, आता शाळा साफ कशी करायची? निशा म्हणाली, झाडू अजिबात मारायचा नाही, भुकटी हवेत उडते. सगळं ओल्या फडक्यानं पुसायचं, चार-चार वेळा, आणि ते पाणीही वेगळं भरून ठेवायचं. मुलांना धुवायला पाणी द्यायचं, रोज, भरपूर.

"नळ परवा येऊन गेला," शीला मॅडम म्हणाल्या. "आता पुढच्या आठवड्यात."

मग डॉक्टरांचा फोन आला. निशा व्हरांड्यात जाऊन बोलली आणि परत आली. सगळे तिच्याकडं बघत होते. खोटं बोलावं, असं तिला फार वाटलं.

"जगेल," ती म्हणाली. "शुद्धीवर आलीय. पण आजीला ओळखत नाही. बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूला जे झालंय ते परत येणार नाही."

बिरूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याची पाठ हलत राहिली.

पुंजाराम जमादारांनी कागद काढला. फिर्याद कुणीतरी द्यायला हवी होती. शीला मॅडम म्हणाल्या, संस्थेला विचारल्याशिवाय मला सही करता येणार नाही. त्यांनी संस्थेच्या माणसाला तीनदा फोन केला. तो उचलला गेला नाही. निशानं म्हटलं, माझा अहवाल जाईल, पण त्याला साहेबांची सही लागते, आठ दिवस तर कुठं गेले नाहीत. जमादार म्हणाले, तोवर बाकीच्या सात गोण्या शोधायला मला कागदच नाही. गुन्हा दाखल झाला, तर निदान मुकादमाच्या दारात उभा राहता येईल.

"गोण्या फाटकात उतरून कुणी घेतल्या?" कडुबानं विचारलं. ऑफिसात आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "म्या घेतल्या. फिर्यादीला लिव्हा माझं नाव."

जमादारांनी मान वर केली. "मामा, आरोपी तुमचा पोरगा हाय. विचार करा."

"त्या सात कुणाच्या तरी शाळेत गेल्या असतीन," कडुबा म्हणाला. "तिथंबी पोरी असतीन."

मग तो निशाकडं वळला. "मॅडम, ह्यानं माझी प्रांजली बोलायला लागंल का?"

"नाही, मामा."

म्हाताऱ्यानं मान हलवली. जमादारांनी लिहिलं, वाचून दाखवलं, कागद त्याच्यापुढं सरकवला आणि पेन दिलं. कडुबाला सहीपुरती अक्षरं येत होती, वाचता येत नव्हतं. पेन हातात धरून तो कागदावर जागा शोधत राहिला.

बिरू उठून बापाच्या शेजारी आला. त्यानं वाकून कागदाच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"इथं, आबा," तो म्हणाला. "इथं कर."